घरचा मऊ भात हॉटेलच्या टेबलावर नेणारा थर्मास डबा, वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगून टाकतो, डबा चांगलाय, घ्या. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात '१२ तास गरम' लिहिलंय म्हणून घेत असाल तर जरा थांबा, कारण त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो आणि खालची बरीचशी बडबड त्याबद्दलच आहे.

बोलतोय ते स्टीलच्या दुहेरी भिंतीच्या, रुंद तोंडाच्या, खाणं न्यायच्या थर्मासबद्दल. चहाचा उंच, बारीक तोंडाचा असतो तो वेगळा. हा बुटका, चमचा सरळ तळापर्यंत जातो, त्यामुळे वेगळ्या ताटलीत काढायची गरज नाही. आमच्याकडचा अर्ध्या लिटरचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जवळपास हेच डिझाईन बऱ्याच नावांनी विकलं जातं आणि मी जे सांगणारे ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

घ्यायचं कारण सांगतो म्हणजे कोणासाठी आहे ते कळेल. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं ठरलं की जेवणावरून घोळ ठरलेला. पोरीला मऊ भात लागतो, म्हणजे दमली, रडली, गाडी लागली, काहीही झालं की मऊ भात, आणि तो घरच्यासारखाच पाहिजे. बाबांना तिखट-तेलकट चालत नाही, खाल्लं तर रात्रभर बसून राहतात आणि वर म्हणतात मला काही झालेलं नाही. उरलेल्या आम्हा तिघाचौघांना बाहेर जायचंच असतं ते घरी जे होत नाही ते खायला. मग व्हायचं काय, तर सगळ्यात नाजूक पोटाला काय झेपेल ते बघून ठिकाण निवडायचं आणि तिथे जाऊन कोणालाच धड मजा यायची नाही. फॅमिली रेस्टॉरंटातलं मुलांचं मेनूकार्ड उघडलं तर तेच ते, फ्राईज, नगेट्स, चीज थापलेलं काहीतरी नाहीतर लाल सॉसचा पास्ता, आणि आजोबांचं मेनूकार्ड तर अजून कोणी छापलेलंच नाही.

हॉटेलात साधा भात मागितला तर मिळतो की, पण तो मोकळा असतो, दाणा न् दाणा सुटा, त्यांच्या दृष्टीने तोच चांगला. घरचा मऊ भात घट्ट डब्यात नेऊन बघितलाच असेल सगळ्यांनी. तो गार होतो आणि गार झाला की त्यातला स्टार्च परत आवळून बसतो, त्यामुळे भात नुसता गार नाही तर कडक आणि कोरडा लागतो. म्हणजे घरच्या खाण्यातला जो आधार असतो ना, तो अर्धा चवीत आणि अर्धा गरमपणात आणि मऊपणात असतो, आणि नेमका हाच दुसरा अर्धा भाग साध्या डब्यात वाटेत मरतो. थर्मास डब्याचं काम एवढंच आहे, तो अर्धा भाग वाचवायचा.

तो वाचवतो कसा ते थोडक्यात. दोन स्टीलच्या भिंती, मधली हवा काढून टाकलेली, त्यामुळे उष्णतेला पलीकडे जायला फारसा रस्ता उरत नाही. ही आयडिया जुनी आहे, जेम्स ड्युअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये द्रवरूप वायू थंड ठेवण्यासाठी काचेचं असं भांडं बनवलं, त्याने पेटंट घेतलं नाही, आणि १९०४ मध्ये जर्मनीत थर्मास विकणारी कंपनी उभी राहिली. स्टीलची बाटली विल्यम स्टॅनलीने १९१३ मध्ये आणली. असो. आपल्या कामाची गोष्ट ही की भिंतीतून उष्णता फारशी जात नसली तरी झाकणातून आणि तोंडाच्या कडेतून जातेच, कारण तिथे मध्ये पोकळी नसते. म्हणून तोंड जितकं रुंद तितकं नुकसान जास्त. चहाच्या थर्मासमध्ये संध्याकाळपर्यंत कडक चहा मिळतो म्हणून त्याच कंपनीच्या खाण्याच्या डब्याकडून तीच अपेक्षा ठेवली तर तो कमीच पडणार, त्यात डब्याची चूक नाही, चमचा घालायला तोंड रुंद पाहिजेच.

आता '१२ तास गरम' बद्दल. गरम म्हणजे किती गरम? ते कुठेच लिहिलेलं नसतं. चाळीस अंशाचं सूप पण हाताला गरमच लागतं. जपानी कंपन्या यात सरळ असतात, त्यांच्या बॉक्सवर ६ तासांनंतर किती अंश उरतात ते छापलेलं असतं, आणि ती टेस्ट पण ठरलेली असते, साधारण २० अंशाच्या खोलीत ९५ अंशाचं पाणी भरून ठेवायचं आणि ६ तासांनी मोजायचं. घेताना असा अंशातला आकडा शोधा. नुसते तास लिहिले असतील तर ती जाहिरात समजा. आणि लक्षात ठेवा टेस्ट पाण्याची असते, काठोकाठ भरलेल्या डब्याची असते, आपण अर्धा डबा भात भरून वर हवा ठेवली तर ते गणित लागू होत नाही.

खरा खेळ भरण्याच्या आधी आहे. डबा स्वच्छ, रिकामा, त्यात उकळतं पाणी काठापर्यंत ओतायचं, झाकण लावायचं आणि ५ ते १० मिनिटं तसाच ठेवायचा. तोवर इकडे भात परत चांगला खदखदवून घ्यायचा. मग पाणी फेकायचं आणि लगेच, म्हणजे लगेच, भात भरायचा, कंपनीने दिलेल्या खुणेपर्यंत पूर्ण, आणि झाकण घट्ट. हे नाही केलं तर आतलं गार स्टील पहिल्याच मिनिटाला भाताची उष्णता ओढून घेतं आणि मग डबा जे काही जपतो ते त्या कमी झालेल्या तापमानाला जपतो. सकाळच्या गडबडीत ही दहा मिनिटं जड जातात हे खरंय, बायको म्हणते की तेवढ्यात माझ्या दोन बॅगा भरून होतात, पण इथे शॉर्टकट चालत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर एकदा घरीच असं करून आणि न करून मोजून बघा, फरक इतका स्पष्ट दिसतो की परत कोणी सांगावं लागत नाही.

असं नीट भरलं तर सकाळी नाश्त्यानंतर निघून दुपारी जेवायच्या वेळी उघडलेल्या डब्यातून वाफ येते, पोरीला फुंकर मारून द्यावं लागतं. दुपारच्या जेवणापर्यंत याला माझ्याकडून पूर्ण मार्क. रात्रीच्या जेवणासाठी सकाळी भरून नेऊ नका, बॉक्स काहीही म्हणो.

काय भरायचं हे पण शिकावं लागतं. पातळसर, ओलं, एकजीव असं जे काही असेल ते मस्त राहतं, मऊ भात, डाळीचं सूप, ओट्स, भाज्यांचा रस्सा. एक मात्र आहे, भात आणि ओट्स डब्यात बसल्या बसल्या पाणी पीतच राहतात, त्यामुळे भरताना तुम्हाला पाहिजे त्यापेक्षा बराच पातळ ठेवायचा, इतका की बघून वाटेल हे काय पाणी पाणी केलंय, दुपारपर्यंत तो बरोब्बर होतो. बटाट्याचा लगदा चालतो पण त्यात गरम दूध किंवा सूप जास्त घालून सैल करावा लागतो. पास्ता आणि नूडल्स सॉसमध्ये बुडवून नेले तर दुपारी चमच्याने खायचा चिखल मिळतो, त्यापेक्षा नुसतं सूप डब्यात आणि नूडल्स वेगळ्या, खाताना एकत्र. हिरवे वाटाणे, बीन्स नेले तर चवीला ठीक पण रंग जातो, उष्णतेत हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचं मळकट शेवाळी होतं. पोरीने एकदा त्या रंगाकडे बघून जो चेहरा केला त्यानंतर वाटाणे बंद. तळलेलं, भाजलेलं, कुरकुरीत असं काहीही यात घालू नका, आतल्या आत वाफ फिरत राहते आणि सगळं ओलं होतं. कुरकुरीत खायचंय तर हॉटेल आहे की, त्यासाठीच चाललोय ना.

काही लोक यात शिजवतात पण. ओट्सवर उकळतं पाणी ओतून झाकण लावलं की थोड्या वेळात तयार होतात, प्रवासात सोयीचं पडतं. पण राजमा कच्चा घालून 'आपोआप शिजेल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते घालवायला भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळावं लागतं. थर्मासमध्ये उकळी टिकत नाही, तापमान हळूहळू उतरत जातं, आणि अर्धवट शिजलेला राजमा खाऊन उलट्या होतात. घरी पूर्ण शिजवून मग भरा, मग काही प्रश्न नाही.

आता हॉटेलातलं. हा डबा टेबलावर काढायचा म्हणजे थोडं धाडसच आहे, कारण पुष्कळ ठिकाणी बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी असते आणि त्यांचं म्हणणं चूक नाहीये, त्यांचं टेबल, त्यांचा धंदा, शिवाय बाहेरच्या खाण्याने कोणाला त्रास झाला तर नाव त्यांचं. आम्ही बसायच्या आधीच विचारतो, म्हणजे मेनू हातात यायच्या आधी. 'दादा, लहान मुलीचा भात आणलाय आणि बाबांचं पथ्याचं आहे, बाकी सगळे इथलंच घेणार आहोत, चालेल का?' एवढं सरळ विचारलं की बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, काही ठिकाणी तर वाटी-चमचा पण आणून देतात. लपवून खायला घालणं मला आवडत नाही, पोरगी मोठ्याने 'माझा भात कुठंय' म्हणून विचारतेच. एका ठिकाणी मात्र मॅनेजरने साफ नाही सांगितलं, ते पण आम्ही बसून पाणी पिऊन ऑर्डर देऊन झाल्यावर, दारात विचारलं तेव्हा हो म्हणणारा माणूस वेगळाच होता. वाद घातला नाही. बाबा आणि पोरगी बाहेरच्या बाकावर बसून खाऊन आले आणि खरं सांगायचं तर आत आवाज एवढा होता की त्यांचंच बरं चाललं होतं. बुफेच्या ठिकाणी नेऊच नका, तिथे डोक्यामागे पैसे असतात, उगाच तोंड पडतं. आणि जो डब्यातलं खातोय त्याच्यासाठी पण काहीतरी मागवा, ज्यूस, गोड, काहीही, टेबलाची जागा अडवली आहे तर तेवढं बनतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती ती अशी की पोरगी आता बाहेरचं जास्त खायला लागली. आधी टेबलावर ओळखीचं काहीच नसायचं आणि भूक लागलेली असायची, मग प्रत्येक ताटाकडे बघून नाही नाही नाही. आता ऑर्डर यायला जो वेळ लागतो त्यात तिचा मऊ भात सुरू होतो, पोटात थोडं गेलं की ती निवांत होते आणि मग आमच्या ताटात हात घालते. मुलांच्या खाण्याबद्दल सांगणारे सांगतातच की नवीन पदार्थ द्यायचा तर ओळखीच्या पदार्थाच्या शेजारी द्या, पण बाहेर ते ओळखीचं आणायचं कुठून हा प्रश्न असतो, तो सुटला. बाबांच्या बाबतीत उलटं झालं. डब्यातलं सूप असतं म्हणून ते निर्धास्त असतात आणि 'एकच घास' करत आमच्यातलं अर्धं संपवतात, आई डोळे वटारते, त्यावर डब्याकडे उपाय नाही.

सुरक्षिततेचं जरा गंभीर बोलतो कारण याबद्दल विक्रेते काही बोलत नाहीत. शिजवलेलं अन्न ६० अंशाच्या वर तरी पाहिजे नाहीतर फ्रिजमध्ये, ४-५ अंशाच्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. आता गंमत बघा, थर्मास गरम ठेवतो तसा कोमट पण ठेवतो. साध्या डब्यातला कोमट भात निदान गार तरी होत जातो, थर्मासमध्ये तो तासन् तास त्याच ऊबदार तापमानाला बसून राहतो, जंतूंसाठी हॉस्टेलच. भाताचं विशेष म्हणजे त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवल्यावरही टिकतात, आणि त्याने एकदा विष तयार केलं की ते परत गरम करूनही जात नाही. म्हणून दोन नियम पाळतो. एक, उघडल्यावर वाफ नसेल, नुसतं कोमट असेल, तर आणि खासकरून भात असेल तर, पोरीला देत नाही, टाकून देतो, तेव्हा हॉटेलचा मोकळा भात झिंदाबाद. दोन, हॉटेलातलं उरलेलं या डब्यात भरून घरी आणायचं नाही. ही सवय पुष्कळांना असते, डबा रिकामा झालाच आहे तर भरा त्यात. टेबलावर तासभर पडलेलं कोमट अन्न थर्मासमध्ये कोंबणं हा त्याचा सगळ्यात वाईट उपयोग आहे. त्यांच्याकडून साध्या डब्यात पॅक करून घ्या आणि घरी पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये टाका.

उन्हाळी सहलीला थंडासाठी पण चालतो. बर्फाचं पाणी भरून आधी गार करून घ्यायचा, मग कापलेली फळं, दही. आईस्क्रीम थोडा वेळ टिकतं, लांब नेऊ नका.

झाकणाबद्दल तक्रार आहे. गरम भरून घट्ट लावलं की आतली वाफ थोडी निवल्यावर आत दाब कमी होतो आणि झाकण असं चिकटतं की बाबांच्याने तर उघडतच नाही, माझीही मूठ लाल होते. काही डब्यांना झाकणाच्या मध्ये दाब सोडायचं बटण असतं, दाबलं की फुस्स करून हवा आत जाते आणि झाकण सहज फिरतं. आमच्याला नाहीये. घेताना हे बटण बघूनच घ्या, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा शाळेत एकट्याने डबा उघडणारं पोर असेल तर. घाटातून वर डोंगरावर गेलात तर उलटं होतं, बाहेरचा दाब कमी, उघडताना सूप उडू शकतं, तोंड लांब धरून हळू उघडा. सोड्याची पेयं यात भरायची नाहीत ते पण याचसाठी.

धुणं हा दुसरा कंटाळा. झाकणात सिलिकॉनचं रबर असतं, ते प्रत्येक वेळी काढून धुवावं लागतं, नाहीतर खाचेत भाताचं पाणी सुकून बसतं आणि वास मारतो. वास धरलाच तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवा, जातो. क्लोरीनवालं ब्लीच वापरू नका, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. रबर ओलं असताना परत बसवू नका आणि झाकण उघडं ठेवून सुकवा. मायक्रोवेव्हमध्ये धातूचा डबा ठेवायचा नसतो हे सांगायला नको, पण शेजारी एकांनी विचारलं होतं म्हणून सांगतोय.

डबा खराब झाला का ते ओळखायची सोपी खूण म्हणजे उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. तोंडाची कड सोडून कुठेही चटका लागत असेल तर पोकळी गेली, आता तो साधा स्टीलचा डबा आहे. जोरात आपटल्यावर हे होऊ शकतं, दुरुस्त होत नाही.

साईझ एकट्या लहान मुलासाठी ३०० मिलीच्या आसपास पुरतो, पण छोटा डबा मोठ्यापेक्षा लवकर गार होतो, कारण आत माल कमी आणि झाकण जवळपास तेवढंच. माझ्या मते अर्धा लिटर बरोबर, पोरीचं होऊन बाबांना पण दोन वाट्या निघतात. त्याहून मोठा घेतला तर तो अर्धाच भरला जातो आणि मग गरमपणाची बोंब. स्टीलवर १८/८ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, ते पुरेसं आहे, त्याच्या वरच्या गप्पांना जास्त पैसे देऊ नका. पैसे द्यायचेच तर दाब सोडायच्या बटणाला द्या. आणि विकत घ्यायच्या आधी त्या मॉडेलचं रबर सुटं मिळतं का ते विचारा, स्टील वर्षानुवर्षं टिकतं पण रबर सैल होतंच, सुटं मिळत नसेल तर दुसरा डबा बघा.